पोट्टा कामाले गेला: शहरातलं काम आणि वाढतं अंग

(पॉडकास्टच्या या भागाचा लिखित मजकूर. बोलणं जसं होतं तसंच ठेवलंय, मधले अडखळणं तेवढं काढलंय.)

कानात हेडफोन घालून शेताच्या बांधावर बसला असाल, बसच्या खिडकीत असाल, नाहीतर रात्री पांघरुणाखाली मोबाईल धरून ऐकत असाल. जिथे असाल तिथे स्वागत.

आज मी मूलहून बोलतेय. चंद्रपूरहून गडचिरोलीला जाताना मध्ये लागतं ते मूल. धानाचं गाव, राईस मिलचं गाव. इथून गोंदिया-बल्लारशाह लाईन जाते. बल्लारशाहला गाडी बदलली की हैदराबाद, नाहीतर नागपूर. म्हणजे शहर आपल्यापासून एका तिकिटाच्या अंतरावर आहे.

आणि या तिकिटावरच आज बोलायचंय. दरवर्षी निकाल लागले की, किंवा धान कापून झालं की, गावात एक वाक्य ऐकू येतं. "तो पोट्टा कुठं दिसून नाही राहिला?" "तो गेला ना कामाले." कुठं गेला? हॉटेलात, गॅरेजमध्ये, बिल्डिंगच्या साईटवर, कोणाच्या घरी धुणीभांडी करायला. वय विचारलं तर कोणी म्हणतं सोळा, कोणी म्हणतं "झाला असन अठराचा". प्रत्यक्षात चौदा असतात, कधी तेरा.

बालमजुरी म्हटलं की आपण शाळा सुटली, बालपण हरवलं, असं बोलतो. ते खरंच आहे. पण आज मी फक्त शरीराबद्दल बोलणार आहे. तेराव्या, चौदाव्या, सोळाव्या वर्षी शहरात दिवसाचे बारा तास काम केलं तर अंगात नेमकं काय होतं? हे आपल्याला कोणी नीट सांगत नाही.

लहान मूल म्हणजे छोटा माणूस नाही

पहिली गोष्ट. चौदा वर्षांचं शरीर म्हणजे मोठ्या माणसाचंच कमी साईजचं शरीर, असं नसतं. ते अजून बांधकाम चालू असलेलं घर आहे. स्लॅब ओला असताना त्यावर ट्रक उभा केला तर काय होईल?

हाडांचंच बघा. लांब हाडांच्या टोकाला कूर्चेची एक पट्टी असते, तिथून हाड वाढतं. मुलींमध्ये ती साधारण पंधरा-सोळापर्यंत आणि मुलांमध्ये सतरा-अठरापर्यंत पूर्ण घट्ट होते. तोवर ती हाडाचा सगळ्यात कच्चा भाग असते. आता सिमेंटची गोणी किती किलोची? ५० किलोची. तांदळाचा कट्टाही बहुतेक तेवढाच. आपल्याकडच्या चौदा-पंधरा वर्षांच्या कितीतरी पोट्ट्यांचं स्वतःचं वजन त्याहून कमी भरतं. म्हणजे तो स्वतःपेक्षा जड वस्तू पाठीवर घेऊन जिना चढतोय. आज फक्त कंबर दुखते. पाठ, गुडघे कायमचे बिघडलेत हे कळायला पाच-सात वर्षं जातात.

दुसरं, श्वास. वजनाच्या मानाने मूल मोठ्या माणसापेक्षा जास्त हवा आत घेतं. त्याच खोलीत, त्याच धुळीत मालक आणि पोरगं दोघं उभे असले, तरी पोराच्या फुप्फुसात त्याच्या वजनाच्या हिशोबाने जास्त धूळ जाते. आणि ती फुप्फुसं अजून वाढायची असतात.

तिसरं, झोप. तेरा ते अठरा वयात ८ ते १० तास झोप लागते. हा लाड नाही, शरीराची गरज आहे. वाढीचं हार्मोन मुख्यतः गाढ झोपेत सुटतं. हॉटेलात रात्री बारा-एकला भांडी संपतात आणि पहाटे पाचला पुन्हा चहाची भट्टी पेटते. मग झोप किती झाली? चार तास. दुसऱ्या दिवशी उकळत्या तेलाशेजारी हाच पेंगुळलेला पोरगा उभा असतो. भाजण्याचे, बोट कापण्याचे अपघात उगीच होत नाहीत.

आणि चौथं, मेंदू. धोका ओळखून थांबायला शिकवणारा मेंदूचा भाग सगळ्यात शेवटी पिकतो, विशी ओलांडल्यावर. म्हणून सोळाव्या वर्षी आपल्याला वाटतं, मला काही होत नाही. मालकाला असाच कामगार हवा असतो, जो "मी नाही चढणार त्या परांचीवर" असं म्हणत नाही. परांची म्हणजे साईटवरची बांबूची फळी हो!

कुठल्या कामात काय होतं

आता कामं एकेक करून घेऊ.

हॉटेल, ढाबा, चहाची टपरी. हात दिवसभर पाण्यात आणि भांड्याच्या पावडरमध्ये. बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात, कातडी फाटते, त्यात मीठ-तिखट जातं. भाजणं तर रोजचं. दिवसभर उभं राहिल्याने पाय सुजतात. जेवण मिळतं, पण उरलेलं आणि रात्री उशिरा.

गॅरेज. इथे मुलं शिकायला म्हणून जातात, आणि खरंच काही जण चांगले मेकॅनिक होतात. पण हात पेट्रोलने धुवायची सवय तिथेच लागते. पेट्रोलमध्ये बेंझिन असतं. ते कातडीतून आणि श्वासातून आत जातं, आणि वर्षानुवर्षं गेलं तर रक्ताचा कॅन्सर होऊ शकतो. जुन्या बॅटऱ्या फोडण्याचं काम असेल तर शिसं. शिसं मोठ्यांनाही वाईट, पण वाढत्या मेंदूला त्याहून वाईट. वेल्डिंगकडे चष्म्याशिवाय बघितलं की रात्री डोळ्यात वाळू गेल्यासारखं होतं. ती वाळू नसते, बुबुळाचा वरचा थर भाजलेला असतो.

बिल्डिंगची साईट. टाईल्स आणि ग्रॅनाईट कापताना जो पांढरा धूर उडतो, त्यात सिलिका असते. ती फुप्फुसात जाऊन बसते आणि तिथे व्रण करते. त्या आजाराचं नाव सिलिकोसिस. तो बरा करणारं औषध नाही. तोंडाला बांधलेला रुमाल ही बारीक धूळ अडवत नाही. ओलं सिमेंट कातडी जाळतं, ते वेगळंच.

आणि आता आपलं खास विदर्भाचं काम. पानठेला. चंद्रपूर, गडचिरोली, नागपूर, कुठेही जा. पन्नीत सुपारी, तंबाखू, चुना टाकून खर्रा घोटणारे हात कितीदा लहान असतात, बघितलंय? दिवसभर ओली तंबाखू हाताळली की निकोटिन कातडीतून आत जातं. डोकं गरगरतं, मळमळतं, पोराला वाटतं जेवण बरोबर नव्हतं. शिवाय जो दिवसभर घोटतो तो एक दिवस चाखतोच. तंबाखू-सुपारीने तोंड आतून ताठ होत जातं, पूर्ण उघडत नाही, तिखट लागलं की आग होते. या आजाराचे पेशंट आता तिशीचे नसतात, विशीतले आणि त्याहून लहानही असतात. यातूनच पुढे तोंडाचा कॅन्सर होतो. अठराखालच्या मुलाला तंबाखू विकायची नाही, हे बोर्डावर सगळे वाचतात. त्याच्या हातून विकवायचीही नाही, हा नियम मात्र कोणाला माहीत नसतो.

शेवटचं, घरकाम. हे सगळ्यात सुरक्षित वाटतं. "चांगल्या घरी ठेवली आहे, मॅडम चांगल्या आहेत." पण बंद दाराआड काय चाललंय, हे कोणाला दिसत नाही. २०२३ मध्ये नागपुरात एका घरातून दहा-बारा वर्षांची मुलगी सुटली. तिला घरकामासाठी बाहेरच्या राज्यातून आणलं होतं. कुटुंब गावाला जाताना तिला आत कोंडून गेलं. बिल थकल्याने वीज कापली गेली, अंधारात घाबरून ती ओरडली, आणि शेजाऱ्यांनी तिला बाहेर काढलं. अंगावर चटके दिल्याच्या खुणा होत्या. नागपूर आपल्याला परकं आहे का? आपल्या अर्ध्या गावाचे नातेवाईक तिथे राहतात. त्या सोसायटीत लोक रोज ये-जा करत होते. वीज गेली नसती तर?

आपण घरून काय घेऊन जातो

आता एक गोष्ट, जी मुंबई-पुण्याच्या लेखात सापडणार नाही. आपल्या भागातला पोट्टा शहरात जातो तेव्हा तो रिकाम्या शरीराने जात नाही. काही गोष्टी घरूनच घेऊन जातो.

पहिली, सिकलसेल. चंद्रपूर-गडचिरोलीत हा आजार घरोघरी ऐकलेला. गोंड, माडिया समाजात आहे, दलित आणि ओबीसी समाजांतही आहे. यात रक्तातल्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक नसांमध्ये अडकतात, आणि मग हाडं फुटल्यासारखी वेदना होते. हे दुखणं कशाने उसळतं? पाणी कमी पडलं, उन्हात राबलं, अति दमलं, ताप आला, थंडीत काकडलं की. आता सांगा, साईटवरच्या पोराचा दिवस यापेक्षा वेगळा असतो का? आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४५च्या पुढे जाणं नवीन नाही. आणि तो पोरगा ठेकेदाराला सांगतो, "पाय दुखून राहिले." ठेकेदार म्हणतो, "नाटकं नको करू." त्याला माहीत नसतं. कितीदा पोराला स्वतःलाही माहीत नसतं, कारण तपासणीच झालेली नसते. सरकारी दवाखान्यात ही तपासणी फुकट होते. पहिल्या टेस्टमध्ये शंका आली की दुसरी टेस्ट करून नक्की सांगतात, आजार आहे की फक्त वाहक आहे. एक सुई, बस.

दुसरी, रक्त कमी असणं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुली आणि ३१ टक्के मुलगे ॲनिमिक निघाले. रक्त कमी असलेल्या शरीराला तेवढ्याच कामाला जास्त धाप लागते. मालकाला ते आळशीपण दिसतं.

तिसरी, मलेरिया. गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यातून गेलेल्या पोराला शहरात थंडी वाजून ताप आला, तर तिथला मेडिकलवाला तापाची गोळी देऊन मोकळा होतो. इथली आशाताई असती तर पहिल्याच दिवशी बोटातून रक्त काढून तपासलं असतं.

शाळेबरोबर अजून काय सुटतं

आशाताईवरून आठवलं. शाळा सुटली म्हणजे पुस्तक सुटलं, एवढंच आपल्या डोक्यात असतं. पण शाळा हा आपल्या गावातला एक छोटा दवाखानाही आहे. बघा हं. आठवीपर्यंत दुपारची खिचडी. आठवड्याला लोहाची निळी गोळी. वर्षातून दोनदा जंताची गोळी. आणि राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची गाडी, जी डोळे, दात, हृदय, सगळं तपासते आणि गरज असेल तर पुढे ऑपरेशनपर्यंत पाठवते, तेही अठरा वर्षांपर्यंत.

पोरगं शहरात कामाला लागलं की हे सगळं एका दिवसात बंद होतं. तिथे त्याचं नाव कुठल्याच रजिस्टरवर नसतं. मालक नाव लिहीत नाही, कारण लिहिलं तर पकडला जाईल. नाव नाही म्हणून अपघात झाला तर भरपाई नाही. शहरातल्या कामाने जेवढं नुकसान होतं, तेवढंच या न दिसण्याने होतं, असं मला वाटतं.

"कामानं माणूस घडते ना, ताई"

आता तुमच्यातले काही म्हणतील, आमच्या बापानेही लहानपणी काम केलं, काय झालं त्याला? कामानं माणूस घडते.

मान्य. घरच्या रोवणीला हात लावणं, शाळा करून आईला मोहफुलं वेचू लागणं, दुकानात बापाशेजारी बसणं, यात कोणी मरत नाही. घरी दमलं की आई म्हणते, "बस आता, पाणी पी." फरक तिथेच आहे. शहरात "बस आता" म्हणणारं कोणी नसतं.

आणि बापाला काय झालं, हे एकदा बापालाच विचारा. चाळिशीत कंबर का धरून उठतो, ते विचारा.

दुसरा मुद्दा जास्त खरा आहे. "ताई, घरी पैसे नाहीत." याला माझ्याकडे भाषण नाही. उन्हाळ्याआधी मूल, सावली, गोंडपिपरीकडून माणसं तेलंगणात मिरची तोडायला जातात, ती हौस म्हणून जात नाहीत. मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागलं तेव्हा ती तिथेच अडकली, कितीतरी जण पायी निघाले. त्याच एप्रिलमध्ये शेजारच्या छत्तीसगडच्या बिजापूर जिल्ह्यातली बारा वर्षांची मुलगी तेलंगणातल्या मिरचीच्या कामावरून चालत येताना घर जवळ आलं असताना वाटेत मेली. मिरची तोडणारी बारा वर्षांची मुलगी होती ती. तिच्या घरी पैसे असते तर ती तिथे असती का?

म्हणून पैशाचंच बोलू. बाप नाही, आई एकटी आहे, घरातला कर्ता माणूस वाघाच्या हल्ल्यात गेला, कोणी मोठ्या आजारात अंथरुणावर आहे. अशा घरातल्या मुलांसाठी महाराष्ट्रात बालसंगोपन योजना आहे. मुलामागे महिन्याला २,२५० रुपये मिळतात. अर्ज जिल्ह्याच्या महिला व बालविकास कार्यालयात किंवा बाल कल्याण समितीकडे करायचा. अंगणवाडीताईला विचारा, तिला माहीत असतं. रक्कम मोठी नाही, मान्य. पण तेरा वर्षांच्या पोराला शहरात हाती पडणारा पगार, खाणं-राहणं कापून, कधीकधी याच्या आसपासच असतो.

शाळा सुटलीच असेल तर? दहावी-बारावीला बाहेरून बसायचा १७ नंबर फॉर्म असतो. दहावी झाली तर आयटीआय आहे. गॅरेजमध्ये चार वर्षं "छोटू" म्हणून जे शिकाल, ते तिथे दोन वर्षांत सर्टिफिकेटसकट शिकता येतं, आणि डोळ्यावर चष्माही देतात.

कायदा, पाच वाक्यांत

कंटाळू नका, थोडक्यात सांगते.

एक. १४ वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवणं गुन्हा आहे. १९८६च्या कायद्यात २०१६ मध्ये बदल झाला, तेव्हापासून सगळ्याच धंद्यांत. फक्त शाळा सांभाळून घरच्या कामाला मदत आणि कलाकार म्हणून काम, एवढीच सूट.

दोन. १४ ते १८ वयात खाणी, स्फोटकं, पेटणारे पदार्थ आणि धोकादायक ठरवलेल्या प्रक्रियांत काम चालत नाही.

तीन, आणि हे नीट ऐका. १४ ते १८ वयात बाकीच्या कामांना तासांची मर्यादा आहे. विश्रांती धरून दिवसाला ६ तास. सलग ३ तासांनंतर एक तास सुट्टी. संध्याकाळी ७ ते सकाळी ८ काम नाही. ओव्हरटाइम नाही. आठवड्यातून एक दिवस पूर्ण सुट्टी. हॉटेलात रात्री बाराला भांडी घासणारा सोळा वर्षांचा पोरगा म्हणजे मालकाने मोडलेला कायदा.

चार. शिक्षा मालकाला. ६ महिने ते २ वर्षं कैद, किंवा २० ते ५० हजार दंड, किंवा दोन्ही. मुलावर गुन्हा नसतो, आणि आईवडिलांनाही पहिल्या वेळी शिक्षा नाही. "सांगितलं तर तुझ्या बापाला आत टाकतील," असं मालक म्हणाला तर तो भीती घालतोय.

पाच. सुटका झालेल्या मुलासाठी निधी असतो. मालकाचा दंड त्यात जातो, सरकार १५ हजार घालतं, आणि ती रक्कम मुलाच्या नावावर राहते.

मग आपण काय करायचं?

तुमचा मित्र जायला निघाला असेल तर त्याला अडवून भांडू नका, त्याचं घर तुम्ही चालवत नाही. पण चार गोष्टी करा. एक, जायच्या आधी सिकलसेल आणि रक्ताची तपासणी करून घ्यायला लावा, आणि रिपोर्टचा फोटो त्याच्या मोबाईलमध्ये ठेवा. दोन, ठेकेदाराचं नाव, नंबर आणि कामाचा पत्ता, लोकेशनसकट, मागून घ्या. ठेकेदार पत्ता देत नसेल तर तिथेच समजा. तीन, आधारकार्ड ठेकेदाराच्या हातात द्यायचं नाही, झेरॉक्स द्यायची. चार, ॲडव्हान्स घ्यायचा नाही. ॲडव्हान्स फिटेपर्यंत आजारी पडायलाही परवानगी लागते.

तुम्ही स्वतः शहरातून हे ऐकत असाल, काम संपवून, तर तुमच्यासाठी. पाणी पीत रहा. धूळ कापताना ब्लेडवर पाणी सोडायला सांगा. हात पेट्रोलने नाही, साबणाने धुवा. भाजलं तर टूथपेस्ट नाही, वीस मिनिटं वाहतं साधं पाणी. दोन आठवडे खोकला राहिला, लघवी लाल झाली, हाडं अचानक ठणकली, तर सरकारी दवाखाना. तिथे वय खरं सांगा. कोणी मारत असेल, कोंडत असेल, नको तिथे हात लावत असेल, तर १०९८. फुकट, रात्री दोनलाही. मन खूप खचलं, काही सुचेनासं झालं, तर १४४१६ वर आपल्या भाषेत बोलता येतं.

आणि तुम्ही गिऱ्हाईक असाल, म्हणजे आपण सगळेच. टपरीवर चहा देणाऱ्याला "ए छोटू" म्हणण्याआधी एकदा त्याच्याकडे बघा. नाव विचारा. शाळेत जातो का विचारा. लहान वाटला तर बाहेर येऊन १०९८ लावा. तुमचं नाव सांगायची सक्ती नसते. मारामारी नको, व्हिडिओ काढून व्हायरल तर अजिबात नको, त्यात त्या लेकराचाच चेहरा जगभर फिरतो.

जगात आजही १३ कोटी ८० लाख मुलं कामाला जुंपलेली आहेत, हा आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आणि युनिसेफचा २०२५चा आकडा. २०२१ला तो १६ कोटी होता. म्हणजे कमी होतोय. कमी करता येतो. पण १३ कोटी डोळ्यासमोर येत नाहीत हो. तुमच्या वर्गात या वर्षी रिकामा झालेला एक बेंच येतो. त्यावर कोण बसायचा, हे तुम्हाला माहीत आहे. आज त्याला फोन करा. "कसा आहेस" नका विचारू, तो "मस्त" म्हणेल. विचारा, "काल रात्री किती वाजता झोपलास?"

त्याच्या उत्तरावरून पुढे काय बोलायचं ते तुमचं तुम्हाला कळेल.

हा भाग उपयोगी वाटला तर गावाच्या ग्रुपवर टाका, शक्यतो ज्या ग्रुपवर ठेकेदारही आहे त्या ग्रुपवर! तुमचे प्रश्न, तुमचे अनुभव व्हॉईस नोटने पाठवा. नाव नको असेल तर नाव घेणार नाही. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या, पाणी प्या, वेळेवर झोपा. नमस्कार!